मोजा

मोजा या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ. एक पायात घालायचा. दुसरा हुकूम : मोजून घ्या. मला हे दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी भेटले, खत कारखान्यातल्या भट्टीच्या माथ्यावर. तिथं कापडाच्या लांबलचक मोज्यात माल भरून तो नळीत सोडतात, आणि सोडलेला माल किलोकिलोनं मोजतात. ज्यांनी सोडला ती माणसं मात्र कुणी मोजत नाही. मला सांगायचंय ते एवढंच. पण एवढ्यावर भागत नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणांना ही भट्टी म्हणजे काय तेच ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही त्याच्याविरुद्ध मोर्चा काढता येत नाही.

दोस्तांनो, मी सूतगिरणीतला माणूस. रिंगखात्यात तुटलेला दोरा जोडणारा. दहावीला शाळा सुटली. पुढचं शिक्षण विहारातल्या पुस्तकांच्या कपाटानं आणि रातपाळीनं केलं. कविता लिहितो. या कामावर कविता लिहायला बसलो तर कागदावर नुसते आकडे उतरले. म्हणून हे गद्य. आकडे बघून पान उलटू नका. आपल्या चळवळीत शब्द उदंड झालेत, आकडे कमी पडतात.

२०२३ सालच्या उन्हाळ्यात सुताला उठाव नव्हता. गिरणीनं पाळ्या तोडल्या, बदलीवाल्यांना घरी बसवलं. त्या वेळी एक मुकादम माणसं गोळा करत वस्तीत आला. एका खत कारखान्यात शटडाऊन लागलं होतं. शटडाऊन म्हणजे कारखाना काही दिवस बंद ठेवून दुरुस्ती करायची. त्या दिवसांत कारखान्याला शेकडो हात लागतात, आणि भोंगा पुन्हा वाजला की त्या हातांची ओळख राहत नाही. कारखान्याचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं तर तुम्ही म्हणाल, तो कारखाना वाईट. मला तसं म्हणायचं नाही.

आता भट्टी समजून घ्या.

युरिया करायला अमोनिया लागतो. अमोनियाला दोन वायू लागतात, नायट्रोजन आणि हायड्रोजन. नायट्रोजन हवेत फुकट आहे. हायड्रोजन फुकट नाही, तो ओढून काढावा लागतो. त्यासाठी नैसर्गिक वायू आणि पाण्याची वाफ एकत्र करून तापलेल्या नळ्यांतून सोडतात. नळ्यांच्या आत निकेलचा माल ठासलेला असतो. पुस्तकात त्याला उत्प्रेरक म्हणतात, ड्रमवर कॅटलिस्ट, आमच्या तोंडी नुसता माल. त्याच्या अंगावरून जाताना वायू आणि वाफ फुटतात आणि हायड्रोजन सुटा होतो. माल स्वतः खर्च होत नाही. तो दुसऱ्याचं काम करून देतो आणि जागच्या जागी राहतो. मजुराचं तसं नाही. मजूर दुसऱ्याचं काम करून देतो आणि खर्चही होतो.

या भट्टीला रिफॉर्मर म्हणतात. मी मोबाईलवरच्या शब्दकोशात अर्थ बघितला. रिफॉर्मर म्हणजे सुधारक! तिथल्या तिथं हसू फुटलं. सुधारक आपण पुष्कळ बघितलेत. हा निदान काहीतरी तयार करतो.

हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करायची युक्ती जर्मनीच्या फ्रिट्झ हाबरनं १९०९ साली करून दाखवली. कार्ल बॉशनं ती कारखान्यात उतरवली, आणि १९१३ साली ओपाऊ इथं तसला पहिला कारखाना चालू झाला. आपल्याकडं सिंद्रीचा सरकारी खत कारखाना १९५१ साली सुरू झाला. आमच्या टोळीत झारखंडची दोन आदिवासी पोरं होती. सिंद्री त्यांच्याच मुलखात. खताचा कारखाना शेजारी, आणि पोरं पोटासाठी हजार मैलांवर दुसऱ्या खताच्या कारखान्यात ड्रम ढकलतात.

माझ्या घराचा युरियाशी संबंध पोत्यापुरता. बापानं जन्मभर दुसऱ्याच्या रानात युरिया फेकला. स्वतःच्या नावावर गुंठा नाही. पीक मालकाचं, रिकामं पोतं आमचं. आई त्याची खोळ करून पावसात डोक्यावर घ्यायची आणि भांगलायला जायची. आम्ही त्याच पोत्यावर बसून अभ्यास केला. पोत्यावरची अक्षरं मला तोंडपाठ होती, पण ते आतलं कसं तयार होतं हे कुणी सांगितलं नव्हतं. ते बघायला मिळणार म्हणून मी खरं तर खुशीत गेलो.

नळी साधारण १२ मीटर लांब. म्हणजे चार मजली घराएवढी. आतून रुंद ४ इंचाच्या आसपास. हात जाईल, डोकं जाणार नाही. क्रोमियम आणि निकेल घातलेलं महागडं पोलाद. अशा दोनशेच्या वर नळ्या रांगेनं टांगलेल्या. भट्टी चालू असताना बाहेरून जाळ, आत वायू आणि वाफ, दाब बाहेरच्या हवेच्या ३० पटीच्या घरात, नळीचं अंग ९०० अंशांच्या आसपास. अशा नळीचं आयुष्य १ लाख तास धरतात, म्हणजे अकरा वर्षांच्या वर. पण नळी ठरल्यापेक्षा २० अंश जास्त तापत राहिली तर आयुष्य निम्म्यावर येतं, असा या धंद्यातला ठोकताळा आहे.

नळी जास्त का तापते? हे मला तिथल्या एका कायम कामगारानं सांगितलं. निवृत्तीला आलेला माणूस, सगळे त्याला काका म्हणत. नळीच्या आत जी क्रिया चालते ती उष्णता खाते. माल नीट बसलेला असेल, वायू नीट वाहत असेल, तर नळीचं अंग बाहेरची उष्णता आत देऊन टाकतं. जिथं आत पोकळी राहिली किंवा वायू कमी पोचला, तिथं उष्णता खायला कुणी नसतं. मग ती उष्णता नळीलाच खाते. भट्टीच्या भिंतीत डोळ्याएवढी भोकं असतात, त्यातून बघितलं की बाकीच्या नळ्यांत एखादीवर लालभडक पट्टा दिसतो.

काका म्हणाले, "पोरा, लाल दिसती ती नळी वाईट नसती. तिच्या वाट्याला कमी आल्यालं असतं."

हे वाक्य मी त्या रात्री वहीत उतरून घेतलं. आपल्या वस्तीतल्या पोरांना डोक्यानं गरम म्हणणाऱ्या सगळ्या मास्तरांना आणि फौजदारांना ते पाठवायला पाहिजे.

आता काम. नवा माल ड्रममधून येतो. बोटाच्या पेराएवढे दाणे, राखाडी, आरपार भोकं पाडलेले, चिनीमातीसारखे ठिसूळ. आधी ते चाळायचे, कारण वाटेत दाणे एकमेकांवर घासून भुकटी झालेली असते. मग पिशव्यांत वजन करून भरायचे. मग वर, भट्टीच्या माथ्यावर. तिथं नळ्यांची तोंडं उघडलेली असतात.

वरून नुसतं ओतून चालत नाही. ४० फुटांवरून पडला तर दाणा फुटतो आणि त्याचा चुरा वायूची वाट अडवतो. घाईनं ओतला तर दाणे एकमेकांत अडकून मधेच कमान धरतात आणि कमानीखाली पोकळी राहते. म्हणून मोजा. नळीपेक्षा जराशी बारीक अशी कापडाची लांब बाही. तिच्यात माल भरायचा, खालचं तोंड दुमडायचं, आणि दोरीनं हळूहळू आत उतरवायची. खाली टेकली की वर एक हिसका. दुमड सुटते, दाणे अलगद सरकतात. दोरी वर, पुढचा मोजा खाली. थोडं भरलं की नळीला बाहेरून ठोकायचं किंवा हादरा द्यायचा, म्हणजे दाणे बसतात. हल्ली स्प्रिंगा लावलेली दोरी नळीत सोडून तिच्यावरून दाणे सावकाश उतरवायची पद्धतही निघालीय. आमच्याकडं मोजाच होता. इंग्रजीत सॉक म्हणतात, आम्ही सरळ मराठी केलं.

भरलं म्हणून संपत नाही. प्रत्येक नळीची तीन वेळा परीक्षा. पहिली वजनाची. एका नळीत ८०-९० किलोच्या दरम्यान जे ठरलं असेल ते, प्रत्येकीत तेवढंच. दुसरी उंचीची. टेपच्या टोकाला वजन बांधून आत सोडायचं आणि वरून किती रिकामं राहिलं ते वाचायचं. गवंड्याच्या ओळंब्यासारखं. तिसरी हवेची. नळीतून ठराविक हवा सोडायची आणि माल किती दाब अडवतो ते घड्याळावर बघायचं. सगळ्या नळ्यांची सरासरी काढायची. सरासरीच्या ५ टक्के वर किंवा ५ टक्के खाली, एवढ्यात बसली तर पास. नाहीतर उपसायची आणि पुन्हा पहिल्यापासून भरायची.

पाच टक्के! एवढी कडक समता मी आयुष्यात कुठं बघितली नव्हती. गावच्या पाणवठ्यावर नाही, रेशनच्या दुकानात नाही, गिरणीच्या पगारपत्रकात नाही. दोनशे नळ्यांत एकीलासुद्धा कमी मिळता कामा नये, यासाठी शिकलेली माणसं रात्रभर जागतात. कारण त्यांना पक्कं ठाऊक आहे की वाटा कमी पडला की फुटतं. म्हणजे हे ज्ञान त्यांच्याकडं आहे. ते लोखंडाला लावतात, माणसाला लावत नाहीत.

माणसांची वाटणी कशी झाली ती सांगतो. गेटपासच्या दिवशी मुकादमानं सगळ्यांची आडनावं विचारली. आडनावावरून कळलं नाही तर गाव विचारला. गावावरून कळलं नाही तर, "गावात घर कुठल्या अंगाला?" एवढा अभ्यास त्यानं शाळेत केला असता तर इंजिनियर झाला असता. मग वाटप झालं. वर दोरीवर, टेपवर, वजनकाट्यावर त्याच्या आळीची पोरं. खाली जुना माल उपसायला, नवा चाळायला, ड्रम घासायला आम्ही अकरा. आमच्या जिल्ह्यातले आठ, त्यात मी. झारखंडचे दोघं. आणि जालन्याकडचा एक पोरगा, वीस वर्षांचा, बारावी शास्त्र शाखा झालेला.

मी म्हणलं, "आबा, मला दोरीवर घ्या. गिरणीत दोराच हाताळतोय."

"चाळायचं बघ. तुम्हास्नी सवय हाय," मुकादम म्हणाला.

सवय! धुळीची सवय कुणाच्या फुप्फुसाला असते? पण हा शब्द आपण ओळखतो. गटारात उतरायची सवय, मेलेलं ढोर ओढायची सवय. हजार वर्षं एखाद्याच्या मानेवर जोखड ठेवायचं आणि मग म्हणायचं, त्याला सवय आहे.

चौथ्या दिवशी दोरीवरचा एकजण आजारी पडला, दुसरा मिळेना, तेव्हा मला वर घेतलं. हिसका माझ्या हाताला दोन नळ्यांत जमला. रिंगखात्यात दोरा जोडणाऱ्याच्या बोटाला ताण कळतो. इंजिनियर म्हणाला, याच्या नळ्या सरळ पास होतायत. मुकादम म्हणाला, नशीब.

गिरणीचा माणूस असल्यामुळं मला ही वाटणी नवी नव्हती. जुन्या मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत. तिथं पगार जास्त. कारण सांगत धोट्याचं. कांडी बदलली की धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण तोंडाला कसा लावणार? म्हणून आपली माणसं सूतकताईच्या खात्यांत, कमी पगारावर. १९२८ च्या मुंबईतल्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला. मालकाविरुद्ध एक होऊ म्हणता, तर खात्याचं दारही उघडा, असा तो सवाल होता.

त्या धोट्याचा मी चाळणीपाशी बसून लई विचार केला. धागा तोंडात घ्यायचा हक्क आमच्या तोंडाला नव्हता. निकेलची धूळ तोंडात घ्यायला मात्र आमचंच तोंड पहिलं. तोंड तेच. विटाळ पगाराच्या बाजूला होतो, धुळीच्या बाजूला होत नाही.

धुळीचं सांगतो. आम्हाला नाकाला बांधायला कापडी पट्टी दिली होती. माल पुरवणाऱ्या कंपनीचा इंजिनियर आला, त्याच्या तोंडावर दोन डबे बसवलेला रबरी मास्क. तो मालाजवळ दिवसाला दहा मिनिटं. आम्ही बारा तास. जुना माल उपसताना तर धूळ काळी, आणि कधी कधी तो माल हवा लागली की आपोआप तापतो. ड्रमला हात लावला की चटका. चार दिवसांत तिघांच्या मनगटाला खाज सुटून पुरळ आलं. निकेलनं कातडीला असं होतं. कर्करोगाचंही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९० साली निकेलच्या संयुगांची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. फुप्फुसाचा, आणि नाकाच्या पोकळ्यांचा.

हे गुपित नव्हतं. ड्रमच्या अंगावर छापलेलं होतं, इंग्रजीत. चित्रसुद्धा होतं. माणसाचा काळा धड-मुंडा आणि त्याच्या छातीत चांदणी फुटल्यासारखी. झारखंडचा एक पोरगा त्या चित्राकडं बघून म्हणाला, "भैया, ये कोई हीरो है क्या?" जालन्याच्या पोरानं त्याला समजावून सांगितलं. बारावीची इंग्रजी त्या दिवशी कामाला आली. पोरगा हसायचा थांबला.

सहाव्या रात्री एक नळी नापास झाली. दाब सरासरीच्या ९ टक्के वर. सुपरवायझर माथ्यावर आला आणि सगळ्यांदेखत ओरडला, "ह्या लोकांच्या हातात काम दिलं की असंच होणार."

जालन्याचा पोरगा खालून जिना चढून वर आला. धापा टाकत होता. "साहेब, एक चेपलेला ड्रम आला होता. तो न चाळता वर नेला. मी मुकादमाला सांगितलं होतं. ते म्हणाले, टाइम नाही, चढव."

कुणी उत्तर दिलं नाही. नळी उपसली. त्या ड्रमच्या थरात दाण्यांचे तुकडे आणि मूठभर चुरा निघाला. पुन्हा भरली. पुन्हा वजन, पुन्हा टेप, पुन्हा हवा. पास. चार तास गेले. इंजिनियरनं सही केली. पोराला कुणी शाबास म्हणलं नाही. मुकादम तर त्याच्याकडं असा बघत होता जसं यानंच ड्रम चेपलाय. पोरगा जिन्याच्या कठड्याला धरून खोकत उभा होता. नळीचा श्वास अडतोय की नाही हे मोजायला तिथं घड्याळ होतं. पोराच्या श्वासाला घड्याळ नव्हतं.

सकाळी आम्ही अकराजण जिन्याखाली बसून राहिलो. मास्क द्या, मग चाळतो. घोषणा नाही, झेंडा नाही. मुकादम आला. "घरी जायचंय काय रं?" आम्ही म्हणलं, जायचं नाही, चाळायचंय, पण मास्क लावून. तो कंत्राटदाराला फोन करायला गेला. तेवढ्यात काका आले. उभ्या उभ्या, दुसरीकडं बघत, बोलल्यासारखं न करता बोलले. "भोपाळ झालं १९८४ साली. त्यानंतर १९८७ ला फॅक्टरी कायद्यात सुधारणा झाली. धोक्याचा माल काय हाय, त्यानं काय होतं, त्यापासून बचाव कसा करायचा, हे कामगाराला सांगायचं कारखान्यावर बंधन हाय. कंत्राटदाराशी भांडत बसू नका. सेफ्टीवाल्या साहेबाला विचारा, ड्रमवरच्या चित्राचा मराठीत अर्थ काय?"

आम्ही तेवढंच विचारलं. जालन्याच्या पोरानं ड्रमच्या लेबलाचा फोटो पुढं केला आणि म्हणाला, साहेब, हे आम्हाला मराठीत समजावून सांगा. साहेबाला ते मोठ्यानं वाचून दाखवता येईना. चार वाजता अकरा मास्क आले. रबरी, डबेवाले. अर्ध्या दिवसाची हजेरी कापली.

इथं ही गोष्ट संपवली तर तुम्हाला बरं वाटेल. पण पुढं ऐका.

भरणी संपत आली तेव्हा मी काकांना विचारलं, "चालू भट्टीत एखादी नळी फुटली तर कारखाना बंद पडतो?"

काका हसले. "एका नळीपायी कोण बंद ठेवतंय?" त्यांनी हात करून दाखवलं. प्रत्येक नळीला आत येणारी आणि बाहेर जाणारी एक बारीक वाकडी नळी असते. तिला पिगटेल म्हणतात, डुकराची शेपटी. मोठी नळी फुटली की हायड्रॉलिक चिमटा आणून ती शेपटी दोन्हीकडं दाबून चपटी करतात. वायू बंद. ती नळी मेली. बाकीच्या चालू. उत्पादन चालू.

पुढच्या शटडाऊनला, दुसऱ्या एका कारखान्यात, मुकादमानं अकरापैकी आठजणांना बोलावलं. मला नाही. जालन्याच्या पोराला नाही. झारखंडच्या एकाला नाही, ज्यानं चित्राचा अर्थ विचारला होता. आमची शेपटी चिमटली. बाकीचे चालू. मास्क होते का, म्हणून त्या आठांतल्या एकाला विचारलं. म्हणाला, पट्टी होती.

दोस्तांनो, आपल्या कवितांत स्फोट पुष्कळ आहेत. सुरुंग आहेत, ज्वालामुखी आहेत. मलाही ते शब्द आवडतात. पण ती चपटी केलेली शेपटी बघितल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. एकट्या नळीच्या स्फोटाची तजवीज त्यांनी आधीच करून ठेवलीय. चिमटा तयार आहे. अकरा मास्क आम्ही अकरा होतो म्हणून मिळाले. तिघे सुटे झालो आणि तेच मास्क परत गेले.

१९३८ साली मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन्ही शत्रू म्हणून दाखवले. आपण त्यातला पहिला भाषणात घेतो, युनियनवाले दुसरा घेतात. मुकादम मात्र दोन्ही एका खिशात घालून फिरतो. आडनाव विचारतो तो आणि हजेरी कापतो तोही तोच.

आणखी एक गोष्ट, मला सगळ्यात जास्त टोचणारी. भरणी झाल्यावर मोठा तक्ता तयार होतो. नळीचा क्रमांक, मालाचं वजन, उंची, दाब, तारीख. काही वर्षांनी माल बदलतात, तोवर तो तक्ता जपून ठेवतात. एखादी नळी तापली तर तक्ता काढून बघतात, हिच्यात काय भरलं होतं. दोनशे नळ्यांचा जन्मदाखलाच तो. त्यात भरणाऱ्याच्या नावाचा रकाना नाही. आमची नावं मुकादमाच्या वहीत, पेन्सिलीनं. गेटपास शेवटच्या दिवशी काढून घेतले.

आता हिशोब करा. असली धूळ आज आत जाते आणि आजार वीस-वीस वर्षांनी बाहेर पडतो. उद्या जालन्याच्या पोराच्या छातीत काही निघालं, तर त्यानं त्या भट्टीवर माल चाळला होता याचा पुरावा कुठला? कारखाना म्हणेल, हा आमचा नव्हे. कंत्राटदार तोवर कुठं असेल कुणास ठाऊक. मुकादमाची वही चुलीत गेलेली. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात लिहिलं होतं की कंत्राटदारानं मजुरी बुडवली तर ती मूळ मालकानं द्यायची. त्याच्या नियमांत होतं की कायम कामगारासारखंच काम असेल तर मजुरीही तेवढीच. २०१९ आणि २०२० साली संसदेनं जुने कामगार कायदे गुंडाळून चार संहिता केल्या. कलमांचे नंबर बदलले. पण कुठल्याही कायद्याला आधी एक गोष्ट दाखवावी लागते, की मी तिथं होतो. आपल्याकडं तेच नसतं.

म्हणून मी आता कामाचं सांगतो. तुम्ही शिकलेले आहात, वस्तीवस्तीत फिरता. शटडाऊनला पोरं जातात ती आपल्याच वस्तीतून. खत कारखाना, तेलशुद्धीकरण, रसायनं, सगळीकडं. त्यांना निघायच्या आधी गाठा. प्रत्येकाच्या खिशात एक वही असू द्या. तारीख, पाळी, काम काय केलं, शेजारी कोण होतं, हातात किती पैसे पडले. गेटपास मिळाला त्याच दिवशी त्याचा फोटो घरी पाठवायला सांगा. फोन आत नेऊ देत नसतील तर लेबलावरचं नाव हातानं उतरून आणा. जायच्या आधी आणि आल्यावर सरकारी दवाखान्यात छाती तपासून कागद जपून ठेवा. आणि मास्क मागायचा तर टोळीनं मागा. एकट्याला पुढं करू नका, तो कितीही धीट असला तरी. धीट माणसाची शेपटी आधी चिमटतात.

आमच्या अकराजणांची नावं, तारखा आणि कुणी काय काम केलं हे सगळं मी शाईनं लिहून विहारातल्या कपाटात ठेवलंय. मुकादमाच्या आळीचा एक पोरगा, वजनकाट्यावरचा, परवा येऊन म्हणाला, माझं पण नाव लिहा, धूळ वर पण येत होती. त्याचं नाव बारावं लिहिलं. जालन्याचा पोरगा त्याच्या तालुक्यात अशीच दुसरी वही करतोय. आठवड्याला फोन करतो. खोकला कमी आहे म्हणतो, मी विचारतो म्हणून म्हणतो की खरंच, ते त्यालाच माहीत.

तुमच्या तालुक्यातली वही कोण करणार, ते कळवा.

जयभीम.